‘आपण जातो म्हणून त्यांना रोजगार मिळतो’ म्हणे!

काल पुन्हा तेच वाक्य ऐकलं. ओळखीतले एक काका परदेशवारी करून आले. मोबाइलमधले तीनेकशे फोटो एकेक करून दाखवले, आणि मी जरा तोंड उघडलं तर म्हणाले, "अगं, आपण जातो म्हणून तर त्या लोकांना रोजगार मिळतो!" चेहरा असा, की हे सुट्टीला गेलेच नव्हते, समाजसेवा करून आलेत.

डोकं फिरतं माझं हे ऐकून.

रोजगार म्हणजे नक्की काय हो? ज्याची स्वतःची होडी होती त्याच्या अंगावर गणवेश चढवायचा, छातीवर नावाची पट्टी डकवायची आणि त्याच्याच किनाऱ्यावर टॉवेल वाटत उभं करायचं. तेही हंगामापुरतं. हंगाम संपला की घरी बस. दिलं काय ते सगळे मोजतात, आधी घेतलं काय ते कोण मोजणार?

किनाऱ्याचंच घ्या. जमैकात 1956 चा, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातला कायदा आहे. त्यानुसार किनाऱ्यावर जाण्याचा, समुद्रात उतरण्याचा सरसकट हक्क तिथल्या माणसाला नाही. देश स्वतंत्र झाला 1962 ला. साठ वर्षं उलटून गेली तरी कायदा जागच्या जागी होता. बेटावर जन्मायचं आणि समुद्र कुंपणाच्या फटीतून बघायचा! मेक्सिकोत उलटी गंमत. कायद्याने सगळे किनारे जनतेचे, पण तिथपर्यंत जायची वाट हॉटेलांनी अडवलेली. शेवटी 2020 मध्ये वाट अडवणाऱ्यांना दंड करायची तरतूद करावी लागली.

आणि श्रीलंकेचं आठवलं की अजून संताप होतो. 2004 च्या त्सुनामीनंतर सरकारने फतवा काढला की समुद्रापासून शंभर मीटरच्या आत, पूर्वेला आणि उत्तरेला तर दोनशे मीटरच्या आत, पुन्हा घर बांधायचं नाही. कारण काय, तर धोका! बरं, मग हॉटेलांचं काय? त्यांना सूट. म्हणजे लाट कोळ्याची झोपडी ओळखते आणि हॉटेल दिसलं की वळसा घालून जाते?

टांझानियातल्या मसाई लोकांना 1959 मध्ये सेरेंगेटीतून उठवलं. राष्ट्रीय उद्यान होतं ना ते. म्हणाले, गोरोंगोरोत जा, तिथे गुरं चारा. गेले बिचारे. आता त्यांच्याच नातवंडांना सांगतायत की इथूनही उठा, सहाशेएक किलोमीटरवर घरं बांधून ठेवलीत. शेजारच्या लोलिओंदोत जून 2022 मध्ये पंधराशे चौरस किलोमीटरच्या राखीव क्षेत्राच्या हद्दीचे खांब रोवायला पोलीस आले, लोकांनी विरोध केला तर गोळ्या चालल्या. गुरं चारली तर निसर्गाला धोका, आणि गाड्यांच्या रांगा लावून सिंहाचे फोटो काढले, पैसे भरून शिकार केली, की ते संवर्धन. वा रे वा.

"पण पैसा तर येतो ना देशात?" हा काकांचा पुढचा प्रश्न. येतो, आणि आल्या पावली परत जातो. विमान परदेशी कंपनीचं, हॉटेलची साखळी परदेशी, बुकिंगचं ॲप परदेशी, बारमधली बाटलीसुद्धा परदेशी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने पूर्वी एक अंदाज दिला होता: श्रीमंत देशातला पर्यटक सहलीवर शंभर डॉलर खर्च करतो, त्यातले जेमतेम पाच गरीब यजमान देशात उरतात. पाच! त्या पाचातून टॉवेलवाल्याच्या हातात काय पडत असेल ते काकांनीच मोजावं.

मी काही धुतल्या तांदळाची नाही. एकदा गेले होते अशाच एका रिसॉर्टला, मनगटावर प्लास्टिकचा पट्टा बांधून. न्हाणीघरात आरशाखाली चिठ्ठी होती: पाणी मौल्यवान आहे, टॉवेल पुन्हा वापरा. मी भारावून टॉवेल दांडीवर वाळत घातला आणि खिडकी उघडली. बाहेर हिरवळीवर भर दुपारी फवारे चालू. हिरवळीपलीकडे भिंत, आणि भिंतीपलीकडे एक नळ. नळाशी पिवळ्या कॅनची रांग, कॅन ठेवून बायका सावलीत बसलेल्या. त्यातली एक सकाळी माझी खोली झाडून गेली होती. मला बघून हात हलवला तिने. मी पडदा ओढला. तेव्हापासून ‘तिथले लोक किती हसरे, किती समाधानी’ असं कुणी म्हणालं की मला तो पडदा आठवतो.

आणि एवढं करून जागा तरी शाबूत ठेवतात का? फिलिपिन्सच्या बोराकाय बेटावर सांडपाणी सरळ समुद्रात सोडत होते. 2018 मध्ये सरकारने अख्खं बेट सहा महिने बंद केलं. घाण करणारे दुसऱ्या बेटावर गेले, हातावर पोट असलेले हजारो लोक घरी बसले. पुढे 2020 ला कोविड आला, जगभरातली परदेशी पर्यटकांची ये-जा सत्तर टक्क्यांहून जास्त घटली. शेत विकून, होडी विकून ज्यांनी सगळा संसार पर्यटकाच्या भरवशावर टाकला होता, त्यांनी तेव्हा काय करायचं होतं? फोटो बघत बसायचं?

बालीत तर कळसच. तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं सांभाळलेल्या पाटपाण्याच्या पद्धतीला, सुबकला, 2012 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. आता बेटावर भातखाचरं विकून व्हिला उठतायत, आणि व्हिलाच्या जाहिरातीत काय? ‘भातशेतीचं विहंगम दृश्य’. जे उरलंय त्याचं.

हे सगळं मी काकांना सांगितलं. अगदी तावातावाने. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "खरंय गं, फार गर्दी झालीय त्या जागांवर. अजून कुणाला माहीत नाही अशी एखादी जागा असेल तर सांग ना."

माहीत आहे. नाही सांगणार.