अप्पांना आत्मा, मला तीन तारे

रविवारी पुण्याचे पाहुणे गेले आणि सोमवारी दात घासता घासता मी मोबाईलवर त्यांचा अभिप्राय वाचला. ‘अप्पा म्हणजे या जागेचा आत्मा. काय ते अगत्य, काय त्या गप्पा! खोली ठीक. मालक जरा तुटक वाटले.’ तारे तीन.

मालक मी. अप्पा शेजारी.

दिवेआगरात वाडीत आमच्या दोन खोल्या आहेत, पाहुण्यांसाठी. बुकिंगच्या ॲपवर घराची जी टाचणी दिसते, ती आमच्या घरावर नाहीच. ती अप्पांच्या पडवीत, बरोब्बर झोपाळ्यावर रुतली आहे. आमचं बेडं, म्हणजे फाटक, तिथून पुढे, वाडीतून दीडशे पावलांवर. नोंदणीच्या फॉर्मने रस्त्याचं नाव मागितलं होतं. आमच्या आळीला रस्ता आहे, रस्त्याला नाव नाही. तीनदा ‘माहिती अपूर्ण’ आल्यावर भाच्याने काहीतरी दाबलं आणि टाचणी पडली ती पडलीच. हलवायची तर पुरावा हवा. विजेचं बिल पाठवलं. त्यावर आजोबांचं नाव. मग आजोबांचं ओळखपत्र मागितलं. आजोबा जाऊन अडतीस वर्षं झाली, असं कळवलं, तर उत्तर आलं, ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.’

तर ताम्हिणी उतरून, माणगावात वडे खाऊन आलेले पाहुणे गाडीतून उतरतात ते अप्पांच्या अंगणात. अप्पा ‘या या’ म्हणतात. चूक सांगत नाहीत. झोपाळ्यावर बसवतात, काकू चहा टाकतात, सोन्याचा गणपती सापडल्याची आणि चोरीला गेल्याची गोष्ट पहिल्यापासून होते. तास-दीड तासाने मी घामाघूम होऊन शोधत येतो, तर पाहुणे माझ्याकडे वसुलीला आलेल्या माणसासारखे बघतात.

सोमवारी मी तणतणत गेलो, तर अप्पा झोपाळ्यावरच.

“किती पडले रे?”

“तीन.”

“आणि मला?”

“तुम्हाला वेगळे नसतात, अप्पा.”

“नसतात कसे? नाव लिहिलंय ना? वाच बघू.”

मी वाचलं. ‘आत्मा’ शब्दाला त्यांनी झोपाळा थांबवला. परत वाचायला लावलं. मग काकूंना हाक मारून, त्यांचे पिठाचे हात तसेच ठेवून, तिसऱ्यांदा. ‘मालक तुटक’ मात्र एकदाच ऐकलं आणि “खरंय ते” म्हणाले.

“तू त्या फोनवाल्याला किती देतोस?”

“शेकडा पंधरा. वर त्या पंधरावर 18 टक्के जीएसटी.”

“म्हणजे तीन हजारांच्या खोलीला?”

“पाचशे एकतीस.”

अप्पांनी पायाच्या अंगठ्याने जमीन धरली. हिशेबाच्या वेळी झोपाळा हलता कामा नये, असा त्यांचा नियम आहे.

“तो कधी आलाय इथे?”

“कोण?”

“फोनवाला.”

“नाही.”

“कुणाला चहा पाजलाय?”

“नाही.”

“बॅग उचलली? पाणी तापवलं?”

“पाणी मी तापवलं, अप्पा. मोरीही मीच घासली.”

“तुझं कोण विचारतंय? तुझं लिहून आलंय, तुटक म्हणून. मुद्दा असा, की तो न येता पंधरा खातो. मी हजर असतो. मी दहात करतो. जीएसटी नको.”

यावर काय बोलणार? सगळ्यात राग आला तो हिशेब बरोबर होता याचा.

पाहुणे हा आमचा धंदा नव्हेच. धंदा सुपारीचा. श्रीवर्धनी रोठा म्हटलं की व्यापारी बोलायचा थांबायचा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि दुपार सरेपर्यंत वाडी आडवी. आजोबांनी लावलेली झाडं काडेपेटी उपडी करावी तशी. नवीन रोप लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं. तोवर खायचं काय, म्हणून दोन खोल्यांना संडास-बाथरूम जोडून पाहुणे. त्याआधीही दिवाळी-मे महिन्यात लोक यायचे. लँडलाईनशेजारी निळी वही असायची. “ओळखलंत का, मागच्या मेमध्ये आलो होतो, मुलाला विंचू दिसला होता!” ओळखायचो. आता माझ्याच घरी झोपायला येणाऱ्या माणसाचा नंबर बुकिंग पक्कं होईपर्यंत मला फुल्या-फुल्यांनी दिसतो. मी त्याला पळवून नेईन अशी भीती. वर तीन तारे पडले की आम्ही यादीत खाली, आणि खाली कुणी बोट नेत नाही. निळ्या वहीत कुणी मला कधी तुटक लिहिलं नव्हतं. अर्थात वही माझीच होती.

काल पुन्हा शनिवार. ठाण्याचे चौघं, ‘चारपर्यंत पोचतो’ असा निरोप. खोल्या झाडल्या, चादरी बदलल्या, मोदकांचा नारळ खवून हिच्याकडे दिला, आणि साडेतीनला धुतलेला सदरा घालून अप्पांच्या झोपाळ्यावर जाऊन बसलो. म्हटलं, निदान तोंड तरी दिसेल.

अप्पा आतून आले. माझ्याकडे बघितलं, सदऱ्याकडे बघितलं.

“सरक,” म्हणाले. “ती माझी बाजू आहे.”