पान्यांना आज सुट्टी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुवायचीच हा आमच्या घरचा नियम आहे, मग वर्षभर तिच्यावर चिखल का साचेना. यंदा इंदिरानगरात बिल्डिंगखाली पाईप लावून मी गाडी अशी घासली की शेजारच्या काकांनी विचारलं, काय रे, विकतोय का? दसऱ्याला सकाळी झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ सगळं यथासांग झालं, बायको नवी साडी नेसून मागे बसली कारण पंचवटीत सासुरवाडीला जेवायला जायचं होतं, आणि मी सेल्फ मारला.

खर्रर्र खर्रर्र खर्रर्र. सेल्फ मस्त फिरतोय पण गाडी काही घेईना. एकदाच फुर्र करून उठल्यासारखी केली आणि अडकलेल्या शिंकेसारखी गप्प. म्हटलं थंड असेल, चोक ओढला. मग किक. वीस-पंचवीस किका मारल्यावर मीच थंड झालो.

काका म्हणाले रिझर्वला लाव. लावली. टाकीत अर्ध्यावर पेट्रोल होतं, पण मोठ्या माणसाचा मान राखावा लागतो. मग तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर पोरगा आला, सातपूरला कंपनीत आहे. त्याची गाडी बीएस-६, फ्युएल इंजेक्शनवाली, तिला ना चोक ना पेट्रोलचा कॉक, त्यामुळे माझ्या कार्बोरेटरकडे तो पांडवलेण्याकडे बघावं तसा बघत होता. म्हणाला, दादा, इंजिनाला तीनच गोष्टी लागतात, पेट्रोल, हवा आणि ठिणगी, आणि एक किलो पेट्रोल नीट जाळायला 14.7 किलो हवा लागते. बायको म्हणाली, आणि मला जेवण लागतं. तिने रिक्षा बोलावली आणि गेली.

प्लग खोलला तर ओलाचिंब. कॅपमध्ये घालून इंजिनाला टेकवला, सेल्फ मारला, तर चांगली निळी ठिणगी. म्हणजे करंट आहे, पेट्रोल तर गरजेपेक्षा जास्तच आहे. ओव्हरफ्लो झालीय, असा सर्वांनी एकमताने निकाल दिला. एअर फिल्टर काढून बघितला, तो मात्र कोरडा ठाक. मी प्लग गॅसवर वाळवायला वर गेलो तर आई पुऱ्या तळत होती, तिने आधी मला हाकललं आणि मग विचारलं, माझं ताटं पुसायचं पिवळं फडकं कुठंय रे, कालपासून सापडत नाहीये. म्हटलं आई, इथे गाडी बंद पडलीय आणि तुला फडक्याचं पडलंय!

त्यानंतर गाडी आडवी करून झाली, सेकंड गिअरला टाकून बिल्डिंगभोवती तीन फेऱ्या धक्का मारून झाला, निम्मा हार रस्त्यावर पडला, आणि बॅटरीने मान टाकली. आता नुसतं टक टक.

शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. शटर अर्धं खाली, आत लाल कपड्यावर सगळे पाने ओळीत मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकू, हवा भरायच्या मशीनलासुद्धा टिळा. म्हणाला, साहेब, पान्यांची पूजा झालीय, आज उचलत नाही. नुसतं बघून जातो.

आला. हात मागे बांधून गाडीभोवती एक चक्कर मारली, जसा काही मुलगी बघायला आलाय. मग सायलेन्सरच्या तोंडामागे तळहात धरला आणि म्हणाला, मारा किक. मारली. परत मारा. परत मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब, पोट दुखतंय म्हटलं की डॉक्टर पहिलं काय विचारतो?

मी गप्प.

साफ होतं का, हे विचारतो. असं म्हणून त्याने सायलेन्सरमध्ये दोन बोटं घातली आणि हळूहळू ओढत हातभर लांब, ओलं, काळंपिवळं फडकं बाहेर काढलं.

आता मला सगळं आठवलं. धुताना सायलेन्सरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून मीच बोळा कोंबला होता, तोही चांगला दाबून. आतला जळका धूर बाहेर पडला तर नवी हवा आत येणार ना! इंजिनिअर पोरगा लगेच म्हणाला, मी हवा म्हटलं होतं की. हे खरंय, पण तो आत जाणाऱ्या हवेबद्दल बोलत होता आणि आता सोयीस्करपणे दोन्हीकडची म्हणायला लागला.

मेकॅनिकने चोक बंद करायला सांगितला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळायला लावला, आणि चौथ्या किकला काळा धूर सोडत गाडी अशी भडकली की काका दोन पावलं मागे सरकले. पैसे विचारले तर म्हणे, पान्याला हात लावला नाही, पैसे कसले. वर माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं.

एवढ्यात आई गॅलरीत आली. मला वाटलं गाडी चालू झाली का विचारेल. तिने विचारलं, सापडलं का रे फडकं?