सोवळ्यातली सायकल

कडक सोवळं कशाला म्हणतात हे मला आजीमुळे ठाऊक आहे, असा माझा समज होता. सदाशिव पेठेतल्या तिच्या स्वयंपाकघरात परक्याची सावलीसुद्धा जपून पडायची. पण नॉटिंगहॅमला राहायला आलो, रॅले कंपनीची एक जुनी रेसिंग सायकल नव्याने उभी करायला घेतली, आणि जुन्या सायकली जपणाऱ्या इथल्या मंडळींशी ओळख झाली, तेव्हा लक्षात आलं, की आजी बरीच पुरोगामी होती.

आजीकडे तुपात तळलेल्याला तरी सूट मिळायची. इथे सूट नाही. फ्रेम १९७३ची असेल तर ब्रेक १९७३चे, पायडल १९७३चं आणि मडगार्डचा स्क्रूसुद्धा त्याच सुमाराचा. याला ही मंडळी ‘पिरिअड करेक्ट’ म्हणतात. त्यांच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थांना मी मनातल्या मनात आबा म्हणतो. आबांनी माझा सांगाडा पाहिला. नुसती फ्रेम, पुढचा चिमटा आणि बुडातले दोन कप, एवढाच ऐवज होता. नळीवरचा ‘रेनॉल्ड्स ५३१’चा स्टिकर त्यांनी अंगठ्याने हलकेच पुसला आणि म्हणाले, “चांगली आहे. बिघडवू नका.” हा आशीर्वाद होता की तंबी, ते अजून ठरलेलं नाही.

५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १९३५ साली बाजारात आणलं आणि पुढची कित्येक दशकं चांगली ब्रिटिश सायकल म्हणजे ५३१च्या नळ्या, असं समीकरण होऊन बसलं. तेव्हा फ्रेमच्या कुळाबद्दल वाद नव्हता. वाद सुरू झाले ते तिला काय काय लावायचं यावरून.

पहिला प्रश्न बीबीचा. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा, म्हणजे पायडलच्या दांड्यांचा, ॲक्सल जिथे छर्ऱ्यांवर फिरतो ती जागा. तिच्या कपांना इंचाला २४ आटे असावेत, हे ब्रिटिश प्रमाण. ते जपानने पाळलं, तैवानने पाळलं, अर्ध्याअधिक जगाने पाळलं. पाळलं नाही ते खुद्द नॉटिंगहॅमच्या रॅलेने. इथल्या कारखान्यात ते आपले २६ आटे पाडत. कारखानाच एवढा अवाढव्य, की बहुतेक पार्ट घरचेच; मग दुसऱ्याच्या आट्यांशी जुळवून घेण्याची गरज कोणाला? कारखाना बंद पडला, त्या जागेवर आता विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस आहे, मुलं तळ्याकाठी सँडविच खातात. २६ आटे तेवढे माझ्या वाट्याला आले.

दुकानात गेलो. विशीतला मुलगा, कानात डूल. म्हणाला, “२६? तुम्हाला २४ म्हणायचंय.” मी म्हटलं, २६च. त्याने संगणकात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा संगणकात, आणि विचारलं, “ही सायकल तुम्ही भारतातून आणली का?” मी त्याला खिडकीतून बोट दाखवलं. कारखाना होता ती जागा तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

मार्ग तीन होते. एक, फ्रेमचे आटे नव्याने कापून घेणे. हे महापातक. दोन, आटे नसलेला, दोन्हीकडून आवळून बसणारा नवा बीबी घालणे. चालतो उत्तम, पण विटाळ. तीन, मूळ कप घासूनपुसून वापरणे आणि त्यांच्याशी जुळणारा ॲक्सल शोधणे. आबांच्या धाकाने तिसरा मार्ग धरला. कप साफ करायचे तर आधी निघायला हवेत, आणि ब्रिटिश सायकलीत उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. हे सांगायच्या आतच आमचे शेजारी मदतीला धावून आले. लांब पान्हा आणि त्याहून लांब अनुभव. नेहमीच्या दिशेने जोर लावून लावून त्यांनी तो कप असा काही घट्ट केला, की रॅलेच्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या असत्या. निघाला एकदाचा. बाजूला अकरा या हिशेबाने पाव इंची छर्रे भरले. त्यातला एक कायम फ्रिजखाली जातो. बाजूला अकराच का, याचं कारण बहुधा बारावा फ्रिजखाली असतो हेच असावं.

क्रँक कॉटर पिनवाले, म्हणजे ॲक्सलवर पाचरीसारख्या पिनेने पक्के होणारे. आपल्याकडे कोपऱ्यावरचा सायकलवाला ही पिन हातोडीच्या दोन घावांत काढतो आणि तिसऱ्यात बसवतो. इथे त्यासाठी खास प्रेस मिळतो. त्याला मी फ्रेमपेक्षा जास्त पैसे मोजले. पिनाही नऊ मिलिमीटरच्या की साडेनऊच्या, हे आधी ठरवावं लागतं. पेठेतल्या सायकलवाल्याने असला प्रश्न ऐकला असता तर मला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

आता गिअर. मी आबांना विचारलं, “सगळं ब्रिटिशच लावायचं ना?” ते म्हणाले, “अर्थात. मूळ होतं तसं.” म्हणून मूळ काय होतं ते जुन्या कॅटलॉगांत पाहिलं. ब्रेक वाइनमानचे, म्हणजे स्विस. गिअर बदलणारं डिरेल्यूर सिंप्लेक्सचं, म्हणजे फ्रेंच. अस्सल ब्रिटिश म्हणाल तर नळ्या, रंग आणि ते २६ आटे. शिवाय ते फ्रेंच डिरेल्यूर डेलरिन नावाच्या प्लास्टिकचं. नवं असताना कौतुकाचं होतं म्हणतात. पन्नास वर्षांनी मात्र त्याला हात लावण्याआधी मनाची तयारी करावी लागते. याउलट जपानच्या सनटूरने १९६४ साली तिरक्या चौकटीचं डिरेल्यूर काढलं. स्वस्त, दणकट, आणि खटका ओढला की साखळी सांगितलेल्या चाकीवर जाते. पुढे पेटंट संपल्यावर बाकीच्यांनीही तीच कल्पना उचलली. मी मोठ्या आशेने म्हटलं, “आबा, हे तर फ्रेमच्या आधीचं आहे, तारखेत बसतं.” ते जरा विचारात पडले. “तारखेत बसतं,” म्हणाले, “पण तेव्हा आम्ही ते लावत नव्हतो.” यावर बोलायला काही उरलं नाही. मी सनटूर लावलं.

चाकांचं प्रकरण सगळ्यात वाईट. मूळ चाकं २७ इंची, क्रोमच्या स्टील रिमची. पावसात अशा रिमवर ब्रेक दाबला की सायकल विनंती वाचते आणि पुढच्या चौकापर्यंत त्यावर विचार करते. नॉटिंगहॅमच्या हवेत हे परवडत नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या ७००सी रिम घ्यायच्या ठरवल्या, त्यांचे टायरही मुबलक. या मापाला युरोपात २८ इंची म्हणतात, आणि २८ इंची चाक २७ इंचीपेक्षा लहान असतं. छापखान्याची चूक नाही. रिमवर टायर बसतो तिथला व्यास २७ इंचीचा ६३० मिलिमीटर आणि या २८ इंचीचा ६२२. ज्यांनी हे नंबर पाडले त्यांची आणि माझी एकदा गाठ पडायला हवी.

चाक लहान झालं, म्हणजे रिम ब्रेकपासून ४ मिलिमीटर दूर गेली. वाइनमानचे ६१० नंबरचे ब्रेक ६१ मिलिमीटरपर्यंतच पोचतात, म्हणून ७५० नंबरचे शोधा. नवं हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, १३० मिलिमीटर रुंद, पण फ्रेमच्या मागच्या दोन टोकांतलं अंतर १२०. म्हणजे फ्रेम फाकवा. पोलाद असल्यामुळे ती न तापवता फाकवता येते हे खरं, पण नुसत्या हातांनी ५३१ला फाकवताना पोटात गोळा येतो. शेवटी ६ गिअरच्या जुन्या हबवर, म्हणजे १२६वर, तडजोड झाली. दोन्ही बाजू सारख्या फाकल्या का हे दोरा ताणून बघतात. दोरा धरायला बायकोला बोलावलं. तिने डोळा बारीक करून सांगितलं, “डावीकडे एक मिलिमीटर जास्त आहे.” आणि लगेच, “अरे, एवढ्या पैशात नवीन आली असती.” दोन्ही मोजमापं अचूक होती.

उरलेल्या गोष्टी सायकल जंबलमध्ये गोळा केल्या. रविवारी सकाळी एखाद्या गावच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात, त्यावर गंजाचे निरनिराळे प्रकार, आणि कोपऱ्यात चहा-केक. विक्रेते कमालीचे प्रामाणिक. “हे तुमच्या सायकलला चालणार नाही, हे १९७८चं आहे,” असं सांगून आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतात. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालच्या दांड्या, इथे २६.४, २६.६, २६.८ अशा ०.२ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात, फक्त आपल्या नळीत बसणारी पायरी कोणीतरी आधीच नेलेली असते. सीट मात्र विनातक्रार ठरली: ब्रुक्सची बी-१७. या सोवळ्यात चामडं चालतं. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्येच बनते, मालक आता इटालियन आहेत, पण ते आबांना कोणी सांगू नये. कडक इतकी, की सीट आधी नरमते की आपण, हे बसल्याशिवाय समजत नाही.

सायकल उभी राहिल्यावर आबांना तपासणीला बोलावलं. सनटूर पाहून त्यांनी नाक मुरडलं. रिमवरचा आकडा वाचून डोळे मिटले. मग वाकून क्रँकपाशी गेले, दोन्ही कॉटर पिना एकमेकींच्या उलट दिशांनी बसवल्यात याची खात्री केली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. “ठीक आहे,” म्हणाले, “पावसात काढू नका. उन्हातही नको.”

निरोप द्यायला फाटकापर्यंत गेलो तर तिथे कार्बन फायबरची कोरी करकरीत सायकल टेकून ठेवलेली. डिस्क ब्रेक, बॅटरीवर चालणारे गिअर, हँडलवर छोटा संगणक. आबांनी हेल्मेट चढवलं आणि ऐटीत तिच्यावर टांग टाकली.

“आबा, ही?”

“ही चालवायची आहे,” ते म्हणाले.