कोपऱ्याचा कोप

भिंत जिथे जमिनीला टेकते तिथे लाकडाची नक्षीदार पट्टी मारायची, एवढंच काम होतं. बायको म्हणाली, "सुताराला बोलवू या." मी म्हणालो, "पट्टीच तर मारायचीय." आमच्या घरातल्या बहुतेक आपत्ती या 'च तर' पासून सुरू होतात.

कोपरा ९० अंशांचा, म्हणून दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत तिरक्या कापून भिडवायच्या, हे गणित मला शाळेपासून येत होतं. भिंतीला येत नव्हतं. गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं साधन) लावला तेव्हा कळलं, कोपरा ९२ च्या आसपास आहे. पट्ट्या मागे टेकल्या आणि पुढे फट उघडी पडली. "लांबी भरा की त्यात," बायको म्हणाली. पण पुढे लाकूड आकसलं की लांबी, म्हणजे पुट्टी, तडकते आणि फट पुन्हा तोंड उघडते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. वाचणं हा माझा जुना दोष.

त्याच वाचनात कोपिंग भेटलं. यात पहिली पट्टी सरळ कापून थेट कोपऱ्यात ठोकायची. दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीबरहुकूम कोरायचं, म्हणजे ते तिच्या अंगावर चपखल बसतं. मग कोपरा थोडा वाकडा असला तरी चालतं. माझ्या स्वभावाला साजेसं तंत्र वाटलं.

आधी ४५ अंशांचा तिरका काप घ्यायचा, की पुढच्या कडेवर नक्षीची रेघ आपोआप उमटते. तिच्यावर पेन्सिल फिरवायची आणि कोपिंग सॉ घ्यायची. ही करवत म्हणजे धनुष्यासारखी चौकट आणि तिच्यात ताणून बसवलेलं सुतळीइतकं बारीक पातं. रेघेवरून चालवताना करवत मागे कललेली हवी, म्हणजे मागचं लाकूड जास्त निघतं आणि फक्त पुढची कड भिडते. मी पहिल्यांदा सरळच चालवली. मागचा भाग आधी टेकला आणि फट जिथल्या तिथे.

दुसऱ्या खेपेला करवत इतकी कलवली की कड कागदासारखी पातळ झाली. नक्षीच्या वरच्या टोकाला नखाएवढी चोच उरते, ती कानस लागताच 'टक्' करून उडाली. जमिनीवर पालथा पडून टॉर्चच्या उजेडात मी ती शोधत होतो. मुलगी दारात आली, म्हणाली, "बाबा, पडलात का?" मी म्हणालो, "नाही, काम करतोय." ती आईला सांगायला गेली.

तिसऱ्या खेपेला जोड सुरेख बसला. म्हणजे बसला असता, पण मी डावीकडचं टोक कोरलं होतं आणि हवं होतं उजवीकडचं. पट्टी उलटी करावी तर नक्षी जमिनीकडे तोंड करते.

खरी चूक मात्र यापेक्षा मूलभूत होती. जाणकार आधी टोक कोरतात, ते जमलं की मग दुसरीकडून मापात कापतात. मी आधी मापात कापून मग कोरायला बसलो होतो. त्यामुळे बिघडलेल्या प्रत्येक जोडापायी पट्टी आखूड होत गेली आणि तिची पदावनती सुरू झाली. अकरा फुटी भिंतीवरून ती आठ फुटी भिंतीवर आली, तिथून खिडकीखाली, आणि शेवटी दारामागच्या नऊ इंची भिंतीपाशी. (भरायची लांबी घरात भरपूर होती, पट्टीची तेवढी संपत होती.)

तोवर हात बसला होता. करवत जेमतेम कलली. गोल कानशीने आतला बाक घासला, उजेडात धरून पाहिलं, जिथे अडत होतं तिथे पुन्हा दोन हात मारले. पट्टी मापाहून केसभर लांब ठेवली होती, ती किंचित वाकवून दाबली तशी 'चट्' आवाज करून जागेवर बसली. बोट फिरवलं तरी सांधा कळेना. मी बायकोला बोलावलं. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, "कुठाय जोड?" इतकं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं.

बाकीच्या भिंतींना नंतर सुतार आला. माझा जोड दार उघडं असलं की त्याच्याआड जातो, म्हणून पाहुणे आले की मी आधी दार लावून घेतो. काही जणांना वाटतं, आता हे लवकर सोडत नाहीत.