‘कोट एका बाजूला लटकतो, रिव्हॉल्व्हर दिसतं’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंय की कोट उजवीकडे लटकतो, रिव्हॉल्व्हरचा आकार कापडावर उठतो, पँट कमरेत काचते आणि खिशाचं आतलं अस्तर फाटलं. शिवाय ‘चोरखिसा मागितला तर दिला नाही, उलट कोटात कडक काहीतरी घालून जादा पैसे लावले’ असंही आहे. परवानाधारक गिऱ्हाइकं हेच प्रश्न नेहमी विचारतात, म्हणून उत्तर इथेच सविस्तर देतोय.

आधी तुम्हीच टाकलेला फोटो पाहू. उजवी लॅपल (छातीवरची दुमडलेली पट्टी) खाली ओढली गेली आहे, बटणापासून उजव्या खिशाकडे तिरकी चुणी पडली आहे, खिशाचं झाकण उभं आहे आणि कॉलर मानेपासून सुटली आहे. शस्त्र पट्ट्यावर असेल तर यातलं काहीच होत नाही, कारण वजन कंबर घेते. या खुणा खिशात वजन टाकल्याच्या आहेत. कानपूरच्या निर्माणीचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर रिकामंच सुमारे ७०० ग्रॅम भरतं, त्यात सहा काडतुसं. कोटाचा खिसा रुमाल आणि पाकिटासाठी असतो. एवढं वजन खांद्याच्या शिवणीपर्यंत ओढ देतं, आणि ते कोणत्याही शिंप्याच्या कोटात देईल. अस्तरही तिथेच फाटलं आहे: हॅमरचं (काडतुसावर आदळणाऱ्या मागच्या घोड्याचं) टोक आणि मुठीवरची खरखरीत नक्षी व्हिस्कोजच्या अस्तराला कानस लावल्यासारखी घासते.

चोरखिसा आम्ही कुणालाच शिवून देत नाही, आणि याचं कारण कोटाचा आकार बिघडतो एवढंच नाही. मऊ खिशात ट्रिगर झाकलेला राहत नाही. त्याच खिशात किल्ली किंवा पेन गेलं आणि ते ट्रिगरच्या कड्यात अडकलं, की पुढे काय होईल ते सांगायला नको. दुसरं, लग्नात कोट अंगावर राहतच नाही. पंगतीला बसताना, उकाड्यात, फोटो झाल्यावर तो खुर्चीच्या पाठीवर जातो आणि भोवती पोरं पळत असतात. शस्त्र अंगावर बांधलेलं हवं, कपड्यावर नव्हे.

आता आकार उठण्याबद्दल. सगळ्यांना वाटतं की काडतुसांचं मधलं चक्र जाड असल्यामुळे तेच दिसतं. पण चक्र कमरेच्या वळणात मुरतं. दिसते ती मूठ, कारण ती पट्ट्याच्या वर असते आणि मागे टोक काढते. पुढे वाकलं की हेच टोक पाठीवर कापड उचलतं. वाकून पाया पडणं लग्नात चुकत नाही. उपाय होल्स्टरमध्ये, म्हणजे रिव्हॉल्व्हर ठेवायच्या म्यानात आहे, कोटात नाही. कंबर म्हणजे घड्याळाची तबकडी आणि बेंबीला बारा वाजले असं धरलं तर उजव्या हाताच्या माणसाने होल्स्टर साडेतीन ते चारच्या जागी, कमरेच्या हाडाच्या जरा मागे घ्यावं. होल्स्टर सुमारे १५ अंश पुढे कललेलं असलं की मूठ बरगडीला लगटते. चारच्या फार मागे सरकवलं तर वाकताना उलट जास्त दिसतं, आणि गाडीत बसल्यावर मणक्याला टोचतं ते वेगळंच.

पट्टा तर सगळ्यात दुर्लक्षित. ट्रायलच्या वेळी तुमच्या कमरेला तीन सेंटिमीटरचा, एकपदरी, चकचकीत ड्रेस पट्टा होता. वजन टाकलं की तो पिळतो, होल्स्टर बाहेर कलतं आणि मूठ अंगापासून सुटते. ३८ मिलिमीटर रुंदीचा, दोन पदरी कातड्याचा पट्टा घ्या. काळा, साध्या बक्कलचा घेतला तर सुटाखाली कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या पँटला उजवीकडे एक जादा लूप आहे आणि सगळे लूप दुहेरी टाक्यांचे, रुंद पट्टा जाईल इतके लांब आहेत. होल्स्टर दोन लुपांच्या मध्ये बसलं की पुढेमागे सरकत नाही. जादा पैशांतला एक भाग याचा आहे.

पँट काचते, कारण ऑर्डर देताना होल्स्टर पट्ट्याच्या बाहेरून लावणार असं ठरलं होतं. परीक्षणात तुम्ही स्वतःच लिहिलंय की नंतर पँटच्या आत बसणारं नायलॉनचं घेतलं. आतल्या होल्स्टरला कमरेत साधारण दीड इंच जादा लागतो. बाहेरच्याला काहीच नाही. मापाच्या वेळी ‘आतून की बाहेरून’ हा प्रश्न आम्ही त्यासाठीच विचारतो. आणि ते मऊ नायलॉनचं कृपया बदला. रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं की त्याचं तोंड मिटतं, परत घालताना कड दुमडून ट्रिगरपाशी जाते. तुमच्याच मॉडेलच्या साच्यावर बसवलेलं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, तोंड उघडं राहणारं कातडी होल्स्टर हवं.

‘कडक काहीतरी’ म्हणजे उजव्या कमरेपाशी अस्तराआड घातलेला कॅनव्हासचा अर्धगोल तुकडा. तो नसेल तर कापड मुठीला लपेटून बसतं. असेल तर मुठीवरून सरळ खाली पडतं. बक्रम (खळीचं कडक कापड) चिकटवून हे काम स्वस्तात होतं, पण घाम आणि इस्त्रीने त्याला फोड येतात. म्हणून आम्ही तो हाताने टाचतो.

कापड आणि फिटिंग मात्र तुमच्या आवडीचं होतं: फिकट राखाडी, पातळ टेरीवूल, स्लिम फिट. कमरेत कोट आवळला की खाली जे आहे ते दिसणारच. साध्या वेशातल्या पोलिस अंगरक्षकांचं का दिसत नाही, असं तुम्ही विचारलंय. त्यांचा सफारी पाहा: शर्ट सरळसोट, कमरेला घेर सैल, पट्ट्यावरून मोकळा सोडलेला. शोभेला कमी, पण कामाला चोख. कोटात तेच साधायचं तर चौरस मीटरला २८० ते ३२० ग्रॅमचं गडद कापड, बारीक हेरिंगबोनसारखी (माशाच्या काट्यासारखी) वीण, आणि उजव्या कमरेत इंचभर सैल घेर. उभ्या रेघा टाळा. उंचवट्यावर रेघ वाकली की नजर तिथेच जाते. मागचा कट मधोमध एकच ठेवावा. दोन बाजूंचे कट असले की पँटच्या खिशात हात घालताना उजवा कट नेमका मुठीवर उघडतो. मुंढा (बाही जोडायची जागा) उंच कापला की हात वर केला तरी कोट फारसा वर चढत नाही. तुमच्या कोटात मधला कट आणि उंच मुंढा दोन्ही आहेत, तपासून पाहा.

काखेतलं होल्स्टर व्हिडिओत छान दिसतं. पातळ कोटात त्याचे पट्टे पाठीवर उमटतात, कोट काढता येत नाही, आणि आडव्या बांधणीत नळी मागच्या माणसाकडे रोखलेली राहते. शेरवानीत सगळं झाकतं, पण हातही पोचत नाही.

लग्नाला न्यायच्या आधी परवान्याच्या अटी वाचा. खास परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेच्या आवारात शस्त्र नेता येत नाही. तुमच्या समारंभाला हे कसं लागू होतं ते परवाना देणाऱ्या कार्यालयातच विचारा. वरातीत हवेत बार काढायला कुणी आग्रह केला तर लक्षात ठेवा: शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर इतरांच्या जिवाला धोका होईल असा बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया सोडलेली आहे, तेवढी कंबर मोकळी करून देऊ, मजुरी नाही. कोटाचा घेर उजवीकडे अर्धा इंचच वाढेल, त्याहून जास्त कापड आत नाही. फाटलेल्या अस्तराच्या जागी जाड सुती ट्विलचा तुकडा बसवू, त्याचे फक्त कापडाचे पैसे. येताना नवं होल्स्टर आणि पट्टा आणा. रिव्हॉल्व्हर आणू नका. विनापरवाना माणसाच्या हातात ते देता येत नाही आणि आम्हाला लागतही नाही. होल्स्टरमध्ये घालून माप घ्यायला त्याच आकाराचा लाकडी साचा दुकानात आहे. ट्रायलला वाकून, खाली बसून, हात वर करून दाखवावं लागेल, तेव्हा अर्धा तास काढून या.