डायमेन्शनवर आकडा टाइप करणाऱ्यांनो, हात आवरा

परवा रात्री साडेनऊला आमच्या लेझर कटिंगच्या शॉपवरून फोन आला. "प्लेटा बसत नाहीयेत." जेवणाचं ताट तसंच ठेवून निघालो. पोचलो तर फिटर मोटर उचलून धरून उभा आणि भोकं कुठच्या कुठे! व्हर्नियर लावला, भोकांचं सेंटर टू सेंटर अंतर १६० एमएम. हातातल्या ड्रॉइंगवर १९०. एका मिनिटात कळलं काय झालंय ते, आणि जे डोकं फिरलं ते आजही शांत झालेलं नाही.

मोटरखाली बसणाऱ्या ६० प्लेटा होत्या, ८ एमएम जाडीच्या, एमएसच्या (माइल्ड स्टील), २३० बाय २००. गिऱ्हाइकाने आधी ३ एचपीची चार पोलची मोटर धरली होती, नंतर ५ एचपी केली. म्हणजे १०० ची फ्रेम (मोटरच्या बॉडीचा ठरलेला साइज) जाऊन ११२ ची आली. या धंद्यातल्या माणसाला हे तोंडपाठ असतं. पायाच्या भोकांचं लांबीतलं अंतर दोन्ही फ्रेमला १४०, भोक दोन्हींना १२, रुंदीतलं अंतर तेवढं १६० चं १९० होतं. एकच आकडा बदलतो. त्यांच्या डिझाइनवाल्यानेही नेमका आकडाच बदलला! कॅड सॉफ्टवेअरमध्ये भोकं होती तिथेच ठेवली, डायमेन्शनवर (मापाच्या रेघेवरच्या आकड्यावर) डबल क्लिक केलं, १६० खोडून १९० टाइप केलं आणि डीएक्सएफ (कॅडमधल्या रेघांची फाइल) पाठवून दिली.

आम्ही ती फाइल उघडली, १९० वाचलं, पीओशी (खरेदीच्या ऑर्डरशी) जुळवलं, पुढे दिली. लेझरवर फाइल जाते तेव्हा डायमेन्शन, टेक्स्ट, सेंटरलाइन, टायटल ब्लॉक सगळं उडवतात. मशीनला फक्त आउटलाइन आणि भोकांचे गोल लागतात. गोल होते १६० वर. मशीनने इमानदारीने १६० वर कापले, ६० च्या ६० प्लेटा. १७० किलोच्या वर माल गेला.

सकाळी त्या साहेबांना फोन लावला. त्यांचं उत्तर ऐका. "ड्रॉइंगवर १९० लिहिलंय ना? मग तुम्ही १६० का कापलं?" मी म्हटलं, साहेब, तुमच्याच डीएक्सएफमधली भोकं १६० वर आहेत. "ते तुम्ही चेक करायला हवं होतं. पीडीएफमध्ये बरोबर आहे." जुनी भोकं वेल्डने भरून, घासून, नवी मारून देतो म्हटलं तर तेही नको. नवीन प्लेटा हव्यात, त्याच तारखेला, त्याच भावात.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती "लिहिलंय ना" या वाक्याची. आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकलची दोन वर्षं केली तेव्हा सरांनी डोक्यात घट्ट बसवलं होतं की ड्रॉइंगवर पट्टी लावून माप काढायचं नाही, लिहिलेला आकडा धरायचा. बरोबर होतं ते. कागद आकसतो, झेरॉक्समध्ये स्केल बदलतं, आणि शेवटी माणूसच आकडा वाचून मार्किंग करायचा. पण आता मार्किंग कोण करतं? लेझर आकडा वाचत नाही, रेघ वाचतो. ज्या दिवशी तुम्ही डीएक्सएफ पाठवायला लागलात त्या दिवसापासून तुमची रेघ हाच आकडा आहे. वरचा आकडा माणसांसाठी, खालची रेघ मशीनसाठी, आणि दोन्ही वेगळं बोलत असतील तर ते ड्रॉइंग खोटं आहे. मी हाच शब्द वापरणार. ही चूक नाही, खोटं आहे, कारण सॉफ्टवेअर स्वतःहून खरं माप दाखवत होतं आणि तुम्ही ते मुद्दाम झाकलंत.

ड्रॉइंग बोर्डाच्या काळातही कधीकधी आकृती तशीच ठेवून नुसता आकडा बदलावा लागायचा. पूर्ण शीट परत कोण काढणार? पण त्यासाठी रीत होती: स्केलला नसलेल्या आकड्याखाली सरळ जाड रेघ मारायची. आपल्या भारतीय मानकातही आहे ती. बघणाऱ्याला लगेच कळायचं की इथे आकृतीवर विसंबायचं नाही. मिनीड्राफ्टर आणि एच पेन्सिलवाल्यांना एवढी जाण होती! आज पूर्ण सोय हाताशी असून ती एक रेघही कोणी मारत नाही.

आणि काम तरी किती होतं? कॅडमधली स्ट्रेच कमांड घ्यायची, उजवीकडून क्रॉसिंग विंडो (निवडीची चौकट) टाकून एका बाजूची दोन भोकं पकडायची, १५ एमएम बाहेर सरकवायची, दुसऱ्या बाजूला तेच. अर्धं मिनिट. डायमेन्शन भोकांना बांधलेलं असतं, आकडा आपोआप १९० होतो. टाइप करायची गरजच नाही. आकड्यासोबत काही लिहायचं असेल, समजा "४ भोकं" किंवा "टॅप एम८", तर त्यालाही वाट आहे. दोन टोकदार कंस समोरासमोर टाकले की त्या जागी खरं माप येतं, मागेपुढे हवं ते लिहा. हे माहीत नसेल तर शिकून घ्या. माहीत असून करत नसाल तर तुमच्याशी काय बोलायचं?

आता आम्हाला प्रत्येक फाइलमध्ये एकेक डायमेन्शन उघडून बघावं लागतं. प्रॉपर्टीजमध्ये मेजरमेंटचा (खऱ्या मापाचा) रकाना असतो, खाली टेक्स्ट ओव्हरराइडचा (त्यावर हाताने टाइप केलेल्या आकड्याचा). ओव्हरराइडमध्ये काही दिसलं की पोटात गोळा येतो. काही महाभाग तर डायमेन्शन एक्सप्लोड करून ठेवतात. मग बाण सुटे, रेघा सुट्या, आकडा म्हणजे नुसतं टेक्स्ट. त्यात मूळ माप काय होतं याचा माग उरतच नाही, आम्ही आपले डिस्टन्स घेत बसायचं भोकाभोकाला. तिसरी जात प्रिसिजन (दशांशानंतर किती आकडे दाखवायचे ते) शून्यावर ठेवणाऱ्यांची. भोक पडलंय १८९.६ वर, कुठेतरी स्नॅप (कर्सरने नेमका बिंदू पकडणं) चुकला म्हणून, आणि डायमेन्शन दाखवतं १९०. तिथे ओव्हरराइडही सापडत नाही, सगळं नीटच दिसतं. बेअरिंग हाउसिंगच्या भोकाला असं झालं म्हणजे काय होतं ते असेंब्लीवाल्याला विचारा.

हा सगळा तपासणीचा वेळ कोण देतं? कोटेशनमध्ये त्याची लाइन नसते. गिऱ्हाइकाच्या ऑफिसात अर्धं मिनिट वाचतं आणि आमच्याकडे एक माणूस दीड-दोन तास फाइलीत डोळे घालून बसतो. तरी सुटतंच एखादं. सुटलं की डेबिट नोट आमच्या नावाने. त्या ६० प्लेटांचा माल आमचा, गॅस आमचा, मशीनचे तास आमचे. फिटर रात्री साडेअकराला घरी गेला, त्याचा ओव्हरटाइमही आमचा.

आज सकाळी त्याच ऑफिसमधून दुसरी फाइल आलीये. गार्डची प्लेट आहे, २२ डायमेन्शनं. बसून सगळी उघडली. पाच ठिकाणी टाइप केलेले आकडे. एका ठिकाणी मेजरमेंट ४५, वर लिहिलंय ५०. पाचही ठिकाणी लाल गोल करून फाइल परत पाठवली आणि खाली लिहिलं की भोकं जागेवर आणा, रिव्हिजन नंबर वाढवा, मग पाठवा. तेव्हापासून तीन फोन येऊन गेले. अर्जंट आहे, गाडी उभी आहे, तुम्हीच जरा दुरुस्त करून घ्या ना. नाही करणार. तुमच्या सहीचं ड्रॉइंग आहे, तुम्हीच दुरुस्त करा, तोवर शीट मशीनवर चढणार नाही.