मल्टिस्टेटमधल्या ठेवीला ५ लाखांचा विमा नाही

बीड, परभणी, जालन्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मल्टिस्टेट बुडाली तरी घाबरू नका, ५ लाखांपर्यंतची ठेव सरकार परत देतं.’ हे साफ खोटं आहे. मल्टिस्टेट म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणारी सहकारी क्रेडिट सोसायटी, बँक नव्हे.

५ लाखांचं संरक्षण देतं ते ठेव विमा आणि पत हमी महामंडळ. रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं हे महामंडळ बँकांमधल्या ठेवींचाच विमा उतरवतं. जिल्हा बँक, नागरी सहकारी बँकही त्यात आली. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली, तीही मुद्दल आणि व्याज मिळून. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या यात येतच नाहीत.

लोक फसतात, कारण काउंटर, पासबुक, एफडीची पावती सगळं हुबेहूब बँकेसारखं असतं. उसाचं बिल, सोयाबीनची पट्टी, लेकीच्या लग्नाला साठवलेला पैसा तिथं जातो. पावतीवरचं पूर्ण नाव वाचा. ‘को-ऑप. क्रेडिट सोसायटी’ असं असेल तर ती बँक नाही, एजंट काहीही सांगो.

या मेसेजमुळं माणसं तक्रारच न देता वाट बघत बसतात, याची जास्त चीड येते. ठेव बुडवली असेल तर ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली पोलिसांत तक्रार द्या. त्यात मालमत्ता जप्त होते, न्यायालयामार्फत लिलाव होतो आणि आलेली रक्कम ठेवीदारांत वाटली जाते. वेळ लागतो, पूर्ण पैसे मिळतीलच असंही नाही. मूळ पावती मात्र कुणाच्याही हाती देऊ नका. झेरॉक्स द्या.